उत्तर बरोबर, रीत चूक

सगळ्यात आधी नातेवाईक मंडळींसाठी एक खुलासा. हा लेख पत्त्यांच्या जुगाराबद्दल आहे. तो मी खेळले, पैसे लावून खेळले (वीस डॉलर, तेही जावयाचे), आणि त्याचा मला फारसा पश्चात्ताप झालेला नाही. तेव्हा वाचून झाल्यावर लगेच फोन करू नये. दुपारी दोन ते चार मी झोपते.

गेल्या हिवाळ्यात लेकीकडे न्यू जर्सीला तीन महिने राहून आले. तिथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. बाहेर बर्फ, आत हीटरची घरघर. वाचून वाचून माणूस किती वाचणार? जावयाच्या घरी दर शनिवारी रात्री बेसमेंटमध्ये पोकरचा अड्डा जमतो. चार-पाच जण, सगळे नोकरदार, एक शेजारचे इटालियन वंशाचे आजोबा सोडले तर सगळे आपल्याकडचे. पहिले दोन शनिवार मी वरून चिवडा पाठवला. तिसऱ्या शनिवारी चिवड्याबरोबर मीही खाली उतरले.

पत्त्यांशी माझं जुनं नातं आहे. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, झब्बू... मे महिन्याच्या सुट्ट्या त्यावरच गेल्या. पण पैसे लावून खेळायचं म्हणजे तीन पत्ती, आणि ती आमच्या घरात वर्ज्य होती. का होती ते आमच्या घरातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांनी विचारू नये. असो.

माझा नातू कॉलेजात शिकतो, तो मला शिकवायला बसला. खेळ दिसायला सोपा. प्रत्येकाला दोन पानं पालथी वाटायची. मग मधे तीन पानं उघडी मांडायची, ती सगळ्यांची. त्याला फ्लॉप म्हणतात. मग आणखी एक, तो टर्न. मग शेवटचं एक, ती रिव्हर. आपली दोन आणि मधली पाच, या सातांतून सर्वांत चांगली पाच निवडायची. दर टप्प्याला बोली. कुणी चिपा पुढे सरकवल्या की आपण तेवढ्याच भरायच्या (कॉल), नाहीतर पानं टाकायची (फोल्ड), नाहीतर वाढवायच्या (रेज). आणि 'नो-लिमिट' म्हणजे कुणीही कधीही समोरचा सगळा ढीग पुढे ढकलू शकतो.

मी विचारलं, "मग यात तीन पत्तीपेक्षा निराळं काय?"

तो म्हणाला, "आजी, तीन पत्तीत तुझ्याकडे असतं किंवा नसतं. इथे तुझ्याकडे *होऊ घातलेलं* असू शकतं."

(हे 'होऊ घातलेलं' त्याने इंग्रजीत म्हटलं होतं. मराठी माझं.)

म्हणजे असं, की हातात दोन बदाम आहेत, फ्लॉपमध्ये दोन बदाम आले. पाचवा बदाम आला तर फ्लश, नाही आला तर हातात शून्य. अशा पानांना ते 'ड्रॉइंग हँड' म्हणतात. आम्ही आजी-नातवाने त्याचं नाव 'अर्धा डाव' ठेवलं. आणि अख्ख्या खेळात सगळ्यात जास्त पैसे या अर्ध्या डावापायी जातात, असं नातवाचं मत. तीन महिने बघितल्यावर माझंही तेच झालं. कारण वाईट पानं माणूस टाकतो, चांगल्या पानांवर लावतो, त्यात कळायचं काय? अर्धा डाव मात्र सोडवत नाही.

आता तो शनिवार सांगते.

माझ्याकडे बदामाची राणी आणि बदामाची दश्शी आली. मेंढीकोट खेळणाऱ्या बाईच्या हातात दश्शी आली की तिचा जीव आधीच त्यात अडकतो. चौघांनी पाच-पाच चिपा टाकल्या, मधे वीस जमल्या. फ्लॉप आला: बदामाची सत्ती, बदामाची तिर्री, किलवरचा राजा. माझ्या छातीत धडधड. जावयाचे एक मित्र आहेत, आम्ही त्यांना काका म्हणू, अतिशय सावध गृहस्थ. मोटार चालवतानासुद्धा हिरवा दिवा लागल्यावर एकदा दोन्हीकडे बघतात. त्यांनी दहा लावल्या. बाकीच्यांनी पानं टाकली. मी दहा भरल्या. टर्नला आली इस्पिकची पंजी, माझ्या काही उपयोगाची नाही. मधे आता चाळीस. काकांनी तीस लावल्या. मी जरा थांबले, पण मनात म्हटलं, पंधरा आधीच घातल्यात, आता कशाला सोडायचं? तीस भरल्या.

रिव्हरला बदामाची चव्वी!

मी टाळीच वाजवली. सगळ्या चिपा पुढे ढकलल्या. काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मधल्या तीन बदामांकडे पाहिलं आणि शांतपणे पानं टाकली. ढीग माझा. सगळे "वा आजी, वा आजी" करायला लागले. एकटा नातू गप्प. खेळ संपल्यावर वर येताना जिन्यात मला म्हणाला, "आजी, जिंकलीस. पण तो कॉल चूक होता."

मला राग आला. खरंच आला. जिंकलेल्या माणसाला चूक कशी म्हणतोस?

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण शाळेत शिक्षक कमी पडले तेव्हा चार वर्षं पाचवीचं गणितही माझ्या गळ्यात आलं होतं. त्या चार वर्षांत शंभरदा तरी वहीवर लाल शाईने लिहिलं असेल: 'उत्तर बरोबर, रीत चूक.' मुलं भांडायची, "बाई, उत्तर तर बरोबर आहे ना!" आणि मी ठामपणे रीतीचे गुण कापायची. आता जिन्यात उभं राहून मीच त्या मुलांसारखी भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी वही-पेन्सिल घेऊन बसले आणि त्याला म्हटलं, दाखव रीत.

रीत अशी. टर्ननंतर मला सहा पानं दिसत होती, माझी दोन आणि मधली चार. न दिसलेली ४६. त्यात बदामाची नऊ, ती माझ्या कामाची. (मी शंका काढली की त्यातली काही बाकीच्यांच्या हातात गेली असतील त्याचं काय? तो म्हणाला, गठ्ठ्यात असो की कुणाच्या हातात, न दिसलेलं ते न दिसलेलं. पटायला मला अर्धा कप चहा लागला.) आता समज, हा प्रसंग ४६ वेळा आला आणि दर वेळी वेगळं पान निघालं. नऊ वेळा मला मधल्या ७० चिपा मिळणार: ६३०. सदतीस वेळा माझ्या ३० जाणार: १११०. तोटा ४८०. म्हणजे दर वेळी तीस भरताना मी दहाहून थोड्या जास्त चिपा काकांना दान करत होते. त्या रात्री नवांपैकी एक पान आलं, एवढंच.

"आणि आधीच्या पंधरा?" मी विचारलं.

"त्या तुझ्या कुठे आहेत? त्या मधे गेल्या. मधलं सगळं कुणाचंच नाही. फक्त आता किती भरायचे आणि मधे किती आहेत, एवढंच बघायचं."

हिशेबाचा एक सोपा आडाखाही त्याने दिला. कामाची पानं मोजायची. एकच पान यायचं असेल तर दुप्पट करायची, दोन यायची असतील तर चौपट. ते झाले साधारण टक्के. नऊ पानं: एका पानाला अठरा (खरे साडेएकोणीस), दोन पानांना छत्तीस (खरे पस्तीस). दोन्ही टोकांनी उघडी असलेली पाच पानांची रांग, म्हणजे स्ट्रेट, असेल तर कामाची पानं आठ. मधलंच एक पान हवं असेल तर चार, आणि त्या चारांच्या मागे लागून रमीत आमच्या एका वन्संनी किती डाव घालवलेत ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसऱ्या बाजूला किंमत. समोरच्याने मधल्या ढिगाच्या निम्मे लावले तर आपल्याला २५ टक्के संधी हवी. पूर्ण ढिगाएवढे लावले तर ३३. पाव ढीग लावला तर साधारण १७. म्हणजे टर्नला नऊ पानांची वाट बघणाऱ्याने ढिगाच्या एक तृतीयांशाहून जरा कमी किमतीपर्यंतच भरावे. काकांनी तर पाऊण ढीग लावला होता.

इथपर्यंत पाचवीचं गणित. पुढचं मात्र मला दोन दिवस पुरलं.

मी म्हटलं, "पण फ्लॉपला माझी संधी पस्तीस टक्के होती की! काकांनी निम्मेच लावले होते. पंचवीस हवे, माझ्याकडे पस्तीस. तो कॉल तरी बरोबर?"

तो हसला. म्हणाला, सगळे इथेच फसतात. पस्तीस टक्के ही *दोन* पानांची संधी आहे. आणि दहा चिपा ही *एका* पानाची किंमत आहे. टर्नचं पान उलटल्यावर काका पुन्हा हात पुढे करणार. दुसऱ्या पानाची किंमत वेगळी, आणि ती तुला अजून माहीतच नाही. तू दोन पानांचा हिशेब मनात धरून एका पानाचे पैसे भरलेस.

हे ऐकलं आणि मी पेन्सिल खाली ठेवली. का ठेवली ते पुढे सांगते.

गंमत अशी की काकांनी फ्लॉपलाच सगळ्या चिपा लावल्या असत्या, आणि त्या मधल्या ढिगाएवढ्याच असत्या, तर भरणं बरोबर ठरलं असतं. कारण मग पुढे आणखी किंमत नाही, दोन्ही पानं त्याच पैशांत. तेहतीस हवे, पस्तीस आहेत. म्हणजे मोठी बोली परवडते आणि त्याहून लहान बोली परवडत नाही! मी शाळेत असते तर हे उदाहरण फळ्यावर घातलं असतं. (आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं असतं.)

फ्लॉपचा तो कॉल अगदीच चूक नव्हता म्हणे, त्यावर वाद घालता येईल. कारण नो-लिमिटमध्ये आणखी एक गोष्ट असते. पान आल्यावर समोरचा *आणखी* किती देईल? फ्लॉपला मला पुढे सरासरी बारा-तेरा चिपा जास्त मिळाल्या असत्या तरी भरून निघालं असतं. टर्नला मात्र ५४ हव्या होत्या. काकांसमोर चिपा भरपूर होत्या, दीडशेच्या वर. पण देणारा माणूस नव्हता तो. तिसरा बदाम दिसला की काका पानं टाकणार, हे बेसमेंटमधल्या भिंतींनाही ठाऊक. "आणि तू टाळी वाजवलीस, आजी." हट्टी माणसासमोर, ज्याच्याकडे ढीग मोठा आहे आणि ज्याला हरलो हे मान्य करवत नाही, तिथे महागात भरलेला अर्धा डावही वसूल होतो. उलट समोरच्याकडे चारच चिपा उरल्या असतील तर पान येऊन तरी मिळणार काय? ज्यात बोली ठरावीकच असते त्या लिमिट पोकरमध्ये ढीग मोठा आणि किंमत लहान, म्हणून अर्ध्या डावाच्या मागे लागणं पुष्कळदा खपून जातं. नो-लिमिटमध्ये किंमत समोरचा ठरवतो. तो शहाणा असला की बरोबर तेवढी ठरवतो, जेवढी तुम्हाला परवडणार नाही पण भरण्याचा मोह होईल.

आणि शेवटचा खिळा. माझी नऊ पानं तरी खरी नऊ होती का? काकांकडे सत्त्यांची जोडी असती, म्हणजे मधली धरून तीन सत्त्या, तर बदामाचा राजा किंवा बदामाची पंजी येऊन माझा फ्लश झाला असता, पण मधे जोडी झाल्याने त्यांचा फुल हाउस झाला असता. मी आनंदाने सगळं लावून सगळं गमावलं असतं. किंवा कुणाकडे बदामाचा एक्का आणि आणखी एक बदाम असता, तर माझी राणी काय कामाची? ज्या पानाची वाट बघावी तेच येऊन बुडवतं, असंही होतं.

नातवाने मला एका खेळाडूची गोष्ट सांगितली. डॉयल ब्रन्सन, टेक्सासचा. २०२३ मध्ये वारला. पोकरच्या जगात त्याला मोठा मान. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली ती वेगळ्याच कारणाने. हा गृहस्थ शिक्षण-प्रशासन विषयात एम. ए. होता, म्हणजे सरळ गेला असता तर मुख्याध्यापक व्हायचा. लास व्हेगासला १९७० पासून पोकरची मोठी स्पर्धा भरते, 'वर्ल्ड सीरिज'. तिचं मुख्य विजेतेपद त्याने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षं मिळवलं, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्याच्या हातात होती दश्शी आणि दुर्री! यापेक्षा रद्दी पानं शोधून सापडायची नाहीत. १९७६ मध्ये तर फ्लॉपला समोरच्याच्या दोन जोड्या झाल्या होत्या आणि याची एकच, दश्श्यांची. पुढच्या दोन पानांत दुर्री आणि दश्शी आली आणि हा जिंकला. त्या पानांच्या जोडीला आजही त्याचं नाव आहे. "पण म्हणून तो दश्शी-दुर्री खेळा असं कुणाला शिकवत नव्हता," नातू म्हणाला. मला ते फार आवडलं.

आता पेन्सिल खाली का ठेवली ते.

माझा भाचा, माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याला विचारून लिहिते आहे, आणि नाव लिहिणार नाही असं कबूल केलं आहे. २०१४ साली इंजिनिअर झाला. २०१५ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास सुरू केला. ज्यांनी ती पेठ पाहिली आहे त्यांना सांगायला नको. अभ्यासिका, मेस, चहाच्या टपऱ्या, आणि गावाकडून आलेली हजारो पोरं. एका खोलीत चौघं. पहिली दोन वर्षं पूर्वपरीक्षाच सुटेना. मग पूर्व झाली, मुख्य राहिली. २०१९ मध्ये मुलाखतीपर्यंत गेला आणि थोडक्या गुणांनी राहिला. त्याच सुमारास एका कंपनीत नोकरी मिळत होती. पगार बरा होता. तो माझ्याकडे आला. घरात शिकलेली मी एकटी, म्हणून सल्ल्याला आत्या.

"आत्या, काय करू?"

मी म्हटलं, "इतकी वर्षं घातलीस, आता दारापाशी येऊन मागे फिरतोस?"

हे वाक्य माझं ठेवणीतलं होतं. तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत किती मुलांना ऐकवलं असेल देव जाणे. त्या वाक्याने पुष्कळ मुलं उभी राहिली, हेही खरं. भाच्याने नोकरी सोडून दिली. माझा भाऊ तेव्हा होता, तो म्हणाला, ताई म्हणतेय तर कर. मी पेन्शनमधून दरमहा तीन हजार द्यायला लागले. मग २०२० आलं, कोरोना. परीक्षा पुढे, पुन्हा पुढे, आणखी पुढे. मार्च २०२१ मध्ये पुन्हा लांबणीवर पडली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर बसली होती, त्यात हाही होता. २०२२ मध्ये मुख्यपरीक्षेत राहिला. मग परीक्षेची पद्धत बदलायची ठरली, पर्यायांऐवजी लेखी उत्तरं. त्यावरून २०२३ मध्ये पुन्हा आंदोलन, मग ते २०२५ पासून लागू करायचं ठरलं. मधल्या काळात माझा भाऊ गेला. भाच्याने मला फोन करणं हळूहळू कमी केलं. सणाला एक मेसेज, तोही फुलांचा.

न्यू जर्सीच्या त्या स्वयंपाकघरात 'दोन पानांचा हिशेब धरून एका पानाचे पैसे भरलेस' हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर तो आला. मुलाखतीपर्यंत गेलेला मुलगा, म्हणजे पुढच्या खेपेला होणारच असं मी धरलं होतं. पण पुढच्या खेपेला पुन्हा पूर्व, पुन्हा मुख्य, पुन्हा मुलाखत. दर टप्प्याची किंमत निराळी, आणि ती कोण ठरवणार हे मला कुठे ठाऊक होतं? घातलेली वर्षं मी त्याच्या बाजूला मोजली. ती मधे गेली होती, त्याची उरलीच नव्हती.

मी हे नातवाला सांगितलं. वाटलं, तो म्हणेल 'हो आजी, फोल्ड करायला हवं होतं'. तो तसं म्हणाला नाही. म्हणाला, "मामाची गोष्ट वेगळी असेल. मला त्याची पानं माहीत नाहीत." मग थोड्या वेळाने, "आणि पोकरमध्ये उद्या पुन्हा खेळता येतं. म्हणून तर टक्के चालतात. ४६ वेळा."

भाच्याच्या वाट्याला ती ४६ वर्षं कुठून यायची? तेव्हा हे गणित जसंच्या तसं त्याच्यावर लावता येत नाही, हे मलाही कळतं. आणि एखाद्या मुलाला अधिकारी व्हायचं असतं ते चिपांसाठी नसतं, आईच्या दारासमोर गाडी उभी राहावी म्हणून असतं. त्याचे किती धरायचे? पण मी सांगितलेलं कारण चूक होतं, एवढं मात्र उरतंच. तो पहिल्या फटक्यात उपजिल्हाधिकारी झाला असता तरी ते चूकच राहिलं असतं, फक्त मला कधी कळलं नसतं. मी पेढे वाटले असते आणि ते वाक्य आणखी वीस मुलांना ऐकवलं असतं.

उरलेले शनिवार मी खेळले. बराच वेळ पानं टाकत बसायचे, त्यामुळे काका मला मान द्यायला लागले. नातवाने शेवटी एक धडा शिकवला, अर्धा डाव असताना नुसतं भरत बसू नये. कधी कधी आपणच बोली वाढवावी. समोरच्याने पानं टाकली तर तिथेच ढीग आपला, नाही टाकली तरी पान यायची आशा आहेच. दोन दारं उघडी. नुसतं भरणाऱ्याला एकच दार. अर्थात समोरचा पानं टाकणाऱ्यातला असायला हवा. मी हा प्रयोग एकदाच केला, इटालियन आजोबांवर. ते काही टाकत नाहीत. वीस डॉलरांतले अकरा गेले. (इथे परत आल्यावर एका मैत्रिणीने विचारलं, मोबाइलवर खेळतेस का? बाई गं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि नसता केला तरी मला समोर तोंड दिसल्याशिवाय खेळता येत नाही. टाळी कुणासाठी वाजवायची?)

परत आल्यावर भावाच्या वर्षश्राद्धाला गावी गेले. विट्यापासून आत दहा-बारा किलोमीटर. भाचा होता. दाढी वाढलेली, कानशिलांवर पांढरे केस, तेहतिसाव्या वर्षी. जेवणं झाल्यावर पडवीत आम्ही दोघंच होतो. त्याने विचारलंच, "आत्या, पुढच्या जाहिरातीला फॉर्म भरू का?"

मी म्हटलं, "२०१९ मध्ये मी तुला चुकीचं सांगितलं."

तो बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे नोकरी घ्यायला हवी होती?"

"ते मला माहीत नाही. कदाचित न घेणंच बरोबर असेल. पण मी जे कारण दिलं ते चूक होतं. इतकी वर्षं घातलीस म्हणून आणखी घाल, हे काही कारण नव्हे. मी शिक्षक, मला कळायला हवं होतं."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आत वहिनी भांडी आवरत होती. मग तो म्हणाला, "आत्या, तू असं काही बोलशील म्हणून मी फोन करत नव्हतो. सोड म्हणशील असं वाटायचं."

"मी सोड म्हणत नाहीये. कर पण म्हणत नाहीये."

मग मी पिशवीतून न्यू जर्सीची ती वही काढली आणि त्याला बदामाची राणी-दश्शी दाखवली. नऊ पानं, सेहेचाळीस, तीस चिपा, सगळं. तो इंजिनिअर, त्याला समजायला माझ्यासारखे दोन दिवस लागले नाहीत, दहा मिनिटांत कळलं. दोन पानांच्या हिशेबाशी मात्र तोही थांबला. पेन्सिल मागितली. मागच्या कोऱ्या पानावर एक रेघ मारली. डावीकडे लिहायला लागला: खोली, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज. मग 'आई' असं लिहिलं आणि त्यापुढे आकडा लिहिला नाही. उजवीकडे लिहिलं, 'जागा', आणि खाली 'नवीन पद्धतीत किती जमतं?'. मग त्या पानाकडे नुसतंच बघत बसला.

मला साडेपाचची एसटी होती. निघताना मी वही मागितली, तर म्हणाला, "राहू दे ना आत्या, दोन दिवस. आणून देतो."

त्याला आता सात आठवडे झाले. वही अजून त्याच्याकडेच आहे. मधे एकदा फोन आला होता, फुलांचा मेसेज नाही, फोन. तासभर बोलला. त्याच्या खोलीवरचा एक नवीन मुलगा, मांजराला पोळी घालणारी मेसवाली, असलं काय काय. फॉर्मचं त्याने काढलं नाही, मीही विचारलं नाही. फक्त शेवटी म्हणाला, "आत्या, ते मेंढीकोट कसं खेळतात गं? मी विसरलो."

या रविवारी येतोय. चौघं लागतात, शेजारच्या दोघींना सांगून ठेवलं आहे.